ज्यूंचं मरण छापलंत, आता त्यांचं जगणंही छापा : मराठी प्रकाशक आणि अनुवादकांना खुलं पत्र

मराठी प्रकाशक, संपादक आणि अनुवादक मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मी रायगड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालय सांभाळते. गेल्या पावसाळ्यात कपाटांना वाळवी लागली म्हणून सगळी पुस्तकं खाली उतरवावी लागली. पुसता पुसता मी ज्यू लोकांशी संबंधित पुस्तकं वेगळी काढत गेले. तीसेक निघाली. अ‍ॅन फ्रँकची डायरी, दोनदा बांधून घेतलेली आणि तरी पानं सुटलेली. छळछावण्यांतून वाचलेल्यांच्या आठवणी. हिटलरची चरित्रं. फरारी नाझींचा माग काढणारे, इस्रायली गुप्तहेरांच्या मोहिमा, सहा दिवसांचं युद्ध. सगळी पुस्तकं पुन्हा पुन्हा वाचली गेलेली आणि कोपरे मऊ पडलेली होती. आमच्या वाचकांना या लोकांबद्दल जाणून घ्यायची केवढी ओढ आहे, ते त्या कोपऱ्यांवरून कळत होतं.

पण त्या तीसेक पुस्तकांत एकही असं नव्हतं, की ज्यात एखादा ज्यू माणूस सकाळी उठून दुधाची गाडी जोडतो, मुलींच्या लग्नाच्या काळजीने झुरतो, उधारीवरून बायकोशी भांडतो आणि देवाला चार शब्द सुनावतो. एकाही पुस्तकात ज्यू माणसाने ज्यू माणसासाठी, घरच्या भाषेत लिहिलेली गोष्ट नव्हती. ही माणसं मेली कशी, हे माझ्या वाचकांना तपशिलात ठाऊक आहे. मरण्याआधी ती जगत कशी होती, हे सांगणारं पान मला त्यांच्या हाती देता आलेलं नाही. म्हणून हे पत्र.

एका प्रकाशकांशी मी याबद्दल बोलले होते. त्यांचं नाव घेत नाही, कारण माणूस भला आहे आणि त्यांनी सांगितलं ते धंद्याचं गणित होतं. ते म्हणाले, "बाई, ज्यू म्हटलं की हिटलर नाहीतर मोसाद. ते खपतं. हे बाकीचं कोण वाचणार?" मी तेव्हा गप्प बसले. आज उत्तर देते.

यिद्दिश ही पूर्व युरोपातल्या ज्यूंची घरातली आणि बाजारातली भाषा. अंगकाठी जर्मन, तिच्यात हिब्रू आणि अरमाईकचं रक्त, वर पोलिश-रशियन-युक्रेनी शेजारणींकडून घेतलेले शब्द, आणि लिहायची हिब्रू लिपीत, उजवीकडून डावीकडे. दुसऱ्या महायुद्धाआधी ती बोलणारे सुमारे १ कोटी १० लाख लोक होते. तरी शिकलेली मंडळी तिला 'झार्गोन' म्हणत, म्हणजे भेसळीची बोली. धर्मग्रंथ हिब्रूत, पंडितांची चर्चा हिब्रूत, आणि यिद्दिश बायकांसाठी, अडाण्यांसाठी. सतराव्या शतकाच्या सुमाराला 'त्सेने-रेने' नावाचा ग्रंथ निघाला. त्यात बायबलातल्या कथा यिद्दिशमध्ये, रसाळ निरूपणासह सांगितल्या होत्या. पिढ्यान् पिढ्या ज्यू बायका शनिवारी दुपारी तो उघडून बसत. संस्कृत देवाने केली तर प्राकृत काय चोरांनी केली, असं विचारणारे एकनाथमहाराज ज्या मुलखात झाले, तिथल्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. यिद्दिश माणूस आपल्या भाषेला 'मामे-लोश्न' म्हणतो. मामे म्हणजे आई, लोश्न म्हणजे बोली. मायबोली.

या भाषेतला पहिला मोठा गद्यलेखक कोण, हे तुम्हा प्रकाशकांना तरी माहीत असायलाच हवं. शोलेम यान्केव्ह अब्रामोविच हे त्यांचं खरं नाव. १८६४ मध्ये त्यांची पहिली यिद्दिश कादंबरी एका साप्ताहिकात क्रमाने छापून यायला लागली आणि ती सांगणारा म्हणून त्यांनी एक पात्र उभं केलं : मेंडेले मोखेर स्फोरिम, म्हणजे पुस्तकं विकणारा मेंडेले. मरतुकड्या घोड्याच्या गाडीत पोथ्या, प्रार्थनापुस्तकं आणि ताईतांसारखं किडुकमिडुक भरून गावोगाव हिंडणारा फेरीवाला. पुढे लोक लेखकालाच मेंडेले म्हणू लागले. एका अख्ख्या साहित्याचा आजोबा पुस्तकविक्या आहे, हे मला फार आवडतं.

आता बोंचेबद्दल सांगते.

आमच्या वाचनालयात दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी वाचनकट्टा असतो. वीस-पंचवीस माणसं येतात. निवृत्त शिक्षक, दोन-तीन कॉलेजची मुलं, भाजीबाजारात हमाली करून आता घरी बसलेले एक काका, त्यांची सून. एका रविवारी ठरलेले पाहुणे आले नाहीत, म्हणून मी यिद्दिश लेखक आय. एल. पेरेट्स यांची 'बोंचे श्वायग' ही कथा इंग्रजीवरून तोंडी मराठीत सांगितली. श्वायग म्हणजे गप्प. मुका नव्हे हं, गप्प राहणारा. पेरेट्स १८५२ चे, पोलंडमधल्या झामोश्च गावचे. आधी वकिली केली, मग वॉर्सॉमध्ये नोकरी करत लिहीत राहिले. ही कथा १८९४ ची.

बोंचे हमाल आहे. जन्मला तेव्हा घरात आनंद नाही, मेला तेव्हा रडायला कोणी नाही. इस्पितळातली त्याची खाट कधी रिकामी होते याची वीस जण वाट पाहत होते. त्याच्या थडग्यावरची लाकडी फळी वाऱ्याने उडाली, ती कबर खणणाऱ्याच्या बायकोला सापडली आणि तिने त्यावर बटाटे उकडले. आई लवकर गेली, सावत्र आईने शिळे तुकडे घातले. एका श्रीमंताची गाडी उधळली तेव्हा बोंचेने जीव धोक्यात घालून ती थांबवली. त्या माणसाने त्याला गाडीवान केलं, लग्न लावून दिलं, आणि पुढे त्याच माणसाच्या गाडीखाली बोंचे सापडला. वाढवलेल्या मुलाने त्याला घराबाहेर काढलं. या सगळ्यात बोंचे एकदाही बोलला नाही. देवाशी नाही, माणसांशीही नाही.

तो मरतो आणि स्वर्गात एकच गलबला उडतो. बोंचे आला! सोन्याची खुर्ची, दारात स्वागताला अब्राहाम. स्वर्गाचं न्यायालय भरतं. त्याचा वकील एकेक हकिकत सांगतो, प्रत्येकीच्या शेवटी तेच : तो गप्प राहिला. मग फिर्यादी पक्षाचा देवदूत उठतो, घसा साफ करतो आणि म्हणतो, तो गप्प राहिला, मीही गप्प राहीन. न्यायाधीश बोंचेला सांगतो, बाळा, इथलं सगळं तुझं आहे. हवं ते माग. बोंचे मान वर करतो. खरंच? खरंच. अगदी खरंच? अगदी खरं. मग बोंचे हसून म्हणतो, तर मग मला रोज सकाळी एक गरम पाव द्या, वर ताजं लोणी लावून.

न्यायाधीश आणि देवदूत शरमेने माना खाली घालतात. फिर्यादी हसतो. कथा संपते.

कट्ट्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही. मग ते हमालीतून निवृत्त झालेले काका म्हणाले, "त्याला मागायची सवयच नव्हती हो." त्यांची सून म्हणाली, "सवय लागूच दिली नाही." त्यानंतर एक तासभर चर्चा झाली आणि त्यात हिटलरचं नाव एकदाही निघालं नाही. पेरेट्स यांना नेमकं हेच हवं होतं. अनेकांनी या कथेचं साधूच्या सोशिकपणाचं कौतुक म्हणून वाचन केलं आहे, पण ती त्या सोशिकपणावरच संतापून लिहिलेली आहे. गप्प राहायला शिकवलेला माणूस स्वर्गातही फार काही मागू शकत नाही. दलित आत्मकथनं आणि अण्णा भाऊ साठे वाचून तयार झालेल्या मराठी वाचकाला हा संताप पहिल्या ओळीपासून ओळखू येतो. मग हे कोण वाचणार, असा प्रश्न कसा पडतो?

माझं पुढचं म्हणणं अनुवादकांसाठी आहे, आणि ते मी पूर्ण विचाराने मांडते : यिद्दिश मराठीत इंग्रजीपेक्षा चांगली उतरेल.

एक उदाहरण देते. यिद्दिशमध्ये पुस्तकाला दोन शब्द आहेत. धार्मिक ग्रंथ असला तर तो 'सेफर', कथा-कादंबरी किंवा गणिताचं असलं तर ते 'बूख'. सेफर खाली पडला तर उचलून चुंबन घेतात, बूख खाली पडलं तर नुसतं उचलतात. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द, आणि मग तळटीप. मराठीत? पोथी आणि पुस्तक. पोथीला पाय लागला तर आपण काय करतो ते लहान मूलही सांगेल. 'किनेहोरे' म्हणजे दृष्ट न लागो. 'खोलिले' म्हणजे देव न करो. इंग्रजी अनुवादक या शब्दांपाशी अडखळतात किंवा ते सरळ गाळतात, कारण त्यांच्या वाचकाच्या घरी पोरावरून मीठमिरची ओवाळून टाकणारी आजी नाही. तू आणि तुम्ही हा फरक यिद्दिशमध्ये आहे. नवरा बायकोला काय म्हणतो, नोकर मालकाला काय म्हणतो, आणि रागाच्या भरात तुम्हीचं तू कधी होतं, यावर तिथले कितीतरी प्रसंग उभे आहेत. इंग्रजीत ते सपाट होतात. लहान मुलीला लाडाने 'मामेले' म्हणतात, म्हणजे चिमुकली आई. आमच्या कोकणात बाप लेकीला 'बाय माझी' म्हणतो, ती हीच माया. आणि 'मेंत्श'! शब्दशः अर्थ माणूस, पण 'तो मेंत्श आहे' म्हणजे त्याच्यात माणुसकी आहे, भरवसा ठेवावा असा आहे. 'माणूस आहे तो', असं आपण ज्या स्वरात म्हणतो, त्या स्वरात.

शोलेम अलेखेम यांचा तेव्ये मराठीत यावा, ही माझी सगळ्यात मोठी इच्छा आहे. लेखकाचं खरं नाव शोलेम राबिनोविच, जन्म १८५९, आजच्या युक्रेनमधल्या पेरेयास्लावचा. टोपणनाव म्हणून त्यांनी चक्क रामरामच घेतला : शोलेम अलेखेम, तुम्हाला शांती असो. अरबी सलामाचाच भाऊबंद. तेव्येच्या गोष्टी ते १८९४ पासून वीस-एक वर्षं लिहीत होते. तेव्ये दूध, लोणी, पनीर विकणारा. उन्हाळ्यात बंगल्यांवर राहायला येणाऱ्या श्रीमंतांना रतीब घालतो. घरी गोल्डे नावाची बायको आणि लग्नाच्या मुली. तो प्रत्येक गोष्ट थेट लेखकालाच सांगतो, 'पानी शोलेम अलेखेम' (पानी म्हणजे महाशय) अशी हाक मारत, आणि अधूनमधून बजावतो की हे पुस्तकात घालू नका.

पुष्कळांनी यावरचा १९७१ चा 'फिडलर ऑन द रूफ' हा चित्रपट पाहिलेला असतो. त्यांना वाटतं आपल्याला तेव्ये माहीत आहे. चित्रपट गोड आहे, मलाही आवडतो. पण मूळ गोष्टींत गोल्डे मरते. शप्रिंत्से नावाची चौथी मुलगी एका श्रीमंत पोराने नादी लावून सोडून दिल्यावर पाण्यात जीव देते. धाकटी बेल्के बापाच्या म्हातारपणाची सोय व्हावी म्हणून नको त्या पैसेवाल्याशी लग्न करते, आणि त्या जावयाला दूध विकणाऱ्या सासऱ्याची लाज वाटते. हे नाटकात आणि चित्रपटात आलेलं नाही. एकामागून एक मुलगी बापाच्या हातून निसटते आणि प्रत्येक वेळी त्याच्या तोंडचा विनोद थोडा आणखी चिरकतो. हे वाचल्याशिवाय कळत नाही.

त्यातला खावेचा भाग मी कितीतरी वेळा वाचला आहे. खावे ही तिसरी मुलगी. गावातल्या ख्रिस्ती तरुणाशी, ख्वेद्काशी लग्न करायला ती घर सोडते, पाद्र्याकडे जाते. तेव्ये घरी येऊन गोल्डेला सांगतो, मुलगी मेली असं समज, आणि दोघं सुतक धरून बसतात. मग एके दिवशी तो जंगलातून गाडी हाकत चाललेला असतो. अचानक झाडांमधून ती समोर येते. घोड्याच्या लगामाला धरते. बाबा, म्हणते, थांबा, मला एक शब्द बोलू द्या. तो गाडी हाकतो. मागून तिचे हुंदके ऐकू येतात. पुढे गेल्यावर त्याच्या मनात येतं, ज्यू म्हणजे काय आणि ज्यू नसणं म्हणजे काय? देवाने दोन्ही घडवले कशाला? आणि घडवले तर त्यांच्यात ही भिंत का? तो गाडी वळवतो. तो पुन्हा उलट फिरवतो. लेखकाला म्हणतो, तुम्ही पुस्तकं लिहिता, तुम्हाला ठाऊक असेल, मला सांगा.

परजातीत लग्न केलेल्या लेकीचं नाव ज्या घरात काढलं जात नाही, अशी घरं माझ्या गावात आहेत. त्यातला एक बाप माझ्या वाचनालयात रोज पेपर वाचायला येतो. हे पान त्यांच्या पुढ्यात मला मराठीत ठेवायचं आहे. इतकंच माझं मागणं आहे.

अनुवादकाला तेव्येची एक खोड मात्र छळणार. त्याला प्रार्थना, बायबलातली वचनं पाठ आहेत. तो ती हिब्रूत फेकतो आणि लगेच यिद्दिशमध्ये त्यांचा अर्थ सांगतो, आणि तो अर्थ बहुतेक वेळा त्याच्या सोयीचा असतो. आपल्याकडे अर्धा श्लोक म्हणून उरलेला आपल्या अनुभवाने भरणारे आजोबा घरोघरी होते, त्यामुळे हा ताल मराठीला सापडेल. पण माझी हात जोडून विनंती आहे, तेव्येच्या तोंडी गीता घालू नका. रूपांतराचा मोह आपल्याला फार लवकर होतो. त्याचं हिब्रू देवनागरीत तसंच ठेवा, खाली त्याचा मराठी अर्थ त्याच्याच ठसक्यात येऊ द्या. वाचकाला वचन कळलं नाही तरी चालेल, गोल्डेलाही कळत नव्हतं. त्याला पुण्याचा किंवा पंढरपूरचा केलात तर तो आपला होईल, पण तो राहणार नाही.

बायकांनी लिहिलेलं साहित्य तर इंग्रजीतही उशिरा आलं. सिंगर भावंडांचंच पाहा. आयझॅक बाशेविस सिंगर यांना १९७८ मध्ये नोबेल मिळालं. थोरले भाऊ इस्रायल जोशुआ हेही मोठे कादंबरीकार. पण त्यांची थोरली बहीण एस्थर क्राइटमान? तिनेही कादंबरी लिहिली, १९३६ मध्ये वॉर्सॉत ती छापली गेली, शिकायची भूक असलेल्या आणि घरात कोणाच्या खिजगणतीत नसलेल्या मुलीची. ती कित्येक वर्षं विसरली गेली होती. कद्या मोलोदोव्स्की यांनी १९४५ मध्ये एक कविता लिहिली. त्यात त्या देवाला विनवतात, की दयाळू देवा, आता दुसरे कोणीतरी निवडून घे, आम्ही मरून मरून थकलो. ज्या जमातीला देवाची निवडलेली जमात म्हणवून घेण्याचा अभिमान, तिच्या मुलीने हे म्हणावं. पोलंडमधल्या लोद्झ शहरात नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीतून (घेटोतून) आणि छावण्यांतून वाचलेल्या खावा रोझेनफार्ब यांनी एका श्रमछावणीत पेन्सिलीच्या तुकड्याने आपल्या बाकड्यावरच्या छताच्या फळ्यांवर कविता लिहून पाठ केल्या. पुढे माँट्रियलमध्ये राहून त्यांनी लोद्झवर तीन खंडांची कादंबरी लिहिली. ती १९७२ मध्ये यिद्दिशमध्ये प्रसिद्ध झाली, आणि नंतर मुलीच्या मदतीने त्यांनी स्वतःच ती इंग्रजीत आणली. तिच्यात भुकेने मरणारी माणसं आहेत, पण ती प्रेम करतात, भांडतात, पक्षाच्या बैठका घेतात. या बाईला मराठी वाचक मिळाला तर तो तिला सोडणार नाही, हे मी माझ्या वाचकांच्या भरवशावर सांगते.

या पुस्तकांसाठी माणसांनी काय केलं, तेही थोडक्यात. व्हिल्ना (आजचं लिथुआनियातलं व्हिल्नियस) शहरात नाझींनी चाळीसेक ज्यू लेखक-अभ्यासकांना पुस्तकं निवडायच्या कामाला लावलं होतं. काही निवडक पुस्तकं जर्मनीला पाठवायची, बाकीची कागदाच्या लगद्यात. कवी अव्रोम सुत्स्केव्हर आणि त्यांचे सोबती रोज कामावरून परतताना कपड्यांच्या आत पुस्तकं, हस्तलिखितं लपवून वस्तीत नेत. फाटकावर झडती होई. वस्तीत अन्नाची चणचण होती, आणि ही माणसं पोटाशी कागद बांधून आणत होती. सुत्स्केव्हर वाचले, १९४६ मध्ये न्यूरेंबर्गच्या खटल्यात साक्षीला उभे राहिले. त्यांना साक्ष यिद्दिशमध्ये द्यायची होती, ती मुभा मिळाली नाही, रशियनमध्ये द्यावी लागली. सोव्हिएत राज्यातही १२ ऑगस्ट १९५२ च्या रात्री पेरेट्स मार्किश, डोव्हिड बेर्गेलसोन, लेब क्विट्को अशा यिद्दिश लेखकांना मॉस्कोत गोळ्या घातल्या. तो बेर्गेलसोन यांचा वाढदिवस होता.

आता तुमच्या अडचणींकडे येते, कारण त्या खऱ्या आहेत.

हक्क. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी लेखन हक्कमुक्त होतं. पेरेट्स १९१५ मध्ये गेले, शोलेम अलेखेम १९१६, मेंडेले १९१७, इस्रायल जोशुआ सिंगर १९४४, बेर्गेलसोन १९५२, एस्थर क्राइटमान १९५४. या सगळ्यांचं मूळ यिद्दिश लेखन वापरायला परवानगीचा खर्च नाही. अलीकडच्या इंग्रजी अनुवादांवरून भाषांतर करायचं म्हटलं तर हक्क घ्यावे लागतील, म्हणूनही मुळाकडे जावं. मूळ पुस्तकं कुठे मिळतील? अमेरिकेत १९८० मध्ये आरन लान्स्की नावाच्या चोवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने यिद्दिश पुस्तकं गोळा करायला सुरुवात केली. जाणत्यांचा अंदाज होता की जगात ७०,००० पुस्तकं उरली असतील. त्याच्या संस्थेकडे दहा लाखांहून जास्त जमली. म्हातारी माणसं त्याला घरी बोलावत, आधी जेवू घालत, मग एकेक पुस्तक हातात देताना ते कधी घेतलं, कोणी वाचलं ते सांगत. त्यातली हजारो पुस्तकं आज इंटरनेटवर फुकट वाचता येतात.

भाषा येणारा कोण आहे, असं विचाराल. आज नाही, मान्य. पण जर्मन शिकलेली मराठी मुलं पुण्या-मुंबईत शेकड्यांनी आहेत, आणि जर्मन येणाऱ्याला यिद्दिशचं निम्मं दार उघडंच असतं. राहिली लिपी आणि हिब्रू शब्द. न्यूयॉर्कच्या यिव्हो या यिद्दिश संशोधनसंस्थेचे, जिची स्थापना १९२५ मध्ये त्याच व्हिल्नात झाली, उन्हाळी वर्ग दर वर्षी भरतात. एखाद्या प्रकाशनसंस्थेने, किंवा तिघांनी मिळून, एका तरुण अनुवादकाचा दोन वर्षांचा खर्च उचलला तर मराठीत थेट यिद्दिशमधून अनुवाद होऊ शकतो. तोपर्यंत इंग्रजीवरून करा, पण दोन-तीन अनुवाद शेजारी ठेवून करा. सिंगर यांचं मात्र वेगळं आहे. त्यांनी स्वतः इंग्रजी आवृत्त्यांवर एवढं काम केलं की ते त्यांना दुसरं मूळच म्हणत. तिथे इंग्रजीवरून गेलात तर बिघडत नाही.

अमेरिकन लेखिका सिंथिया ओझिक यांची १९६९ ची एक दीर्घकथा आहे, 'एन्व्ही; ऑर, यिद्दिश इन अमेरिका'. न्यूयॉर्कमधला एक म्हातारा यिद्दिश कवी. त्याचं वाचणारं जवळपास कोणी उरलेलं नाही. त्याच्याहून सुमार, असं त्याला वाटतं, तो दुसरा लेखक जगभर गाजतो, कारण त्याला अनुवादक मिळाले. हा कवी यिद्दिश वाचू शकणाऱ्या एका तरुणीच्या मागे लागतो, की माझं भाषांतर कर, मला वाचव. ती नाही म्हणते. अनुवादकाच्या हातात काय असतं, हे सांगणारं यापेक्षा मोठं काही मी वाचलेलं नाही. तुमच्यापैकी जे अनुवाद करतात त्यांनी ही कथा जरूर वाचावी.

अलीकडच्या इस्रायली आणि अमेरिकन ज्यू लेखकांचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे, कारण ते इंग्रजीत हाताशी आहेत. डेव्हिड ग्रोसमन, आहारोन आपेलफेल्ड, एट्गार केरेट, निकोल क्राउस. यादी तुम्हीच करा. एकच आग्रह धरेन : इस्रायलच्या राजकारणावर तुमचं मत काहीही असो, एस. यिझहार यांची 'खिर्बेत खिझे' ही छोटी कादंबरी आणा. १९४९ साली, राज्य स्थापन झाल्याच्या पुढच्याच वर्षी, एका इस्रायली लेखकाने आपल्याच सैनिकांकडून एका अरब गावाला हुसकावून लावलं जाताना पाहणाऱ्या सैनिकाचं मन लिहिलं. गुप्तहेरांच्या शौर्याची पुस्तकं आपण एवढी वाचली, तर हेही वाचायला हवं.

आणि एक गोष्ट आपल्या घरातली. मी राहते त्या जिल्ह्यात शनिवार तेल्यांची घरं होती. बेने इस्रायल. पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर. शनिवारी घाणा बंद ठेवणारे, घरात मराठी बोलणारे ज्यू. यिद्दिशशी त्यांचा काही संबंध नाही, त्यांची मायबोली मराठीच. १८७४ मध्ये पुण्यात त्यांनी वल्हांडण सणाची पोथी, हगादा, मराठी अनुवादासह छापली. तिच्यातल्या चित्रात लुगडी नेसलेल्या बायका सणाची बेखमीर भाकरी करायला बसल्या आहेत. एकोणिसाव्या शतकात त्यांनी योसेफ आणि मोशे यांच्यावर मराठीत कीर्तनं रचली, साकी-दिंडीसकट. मी लहान असताना शेजारच्या आजी एलियाहू हनावी या प्रेषिताच्या नावाने मलिदा करायच्या. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ, वर फळांच्या फोडी. वाटी आमच्याकडे यायची. त्या आजींच्या समाजाने मराठीत लिहिलेलं पान मला आज दुकानातून विकत घेऊन वाचनालयात ठेवायला मिळत नाही. याच समाजातले कवी निस्सीम इझिकेल यांनी इंदिरा संतांच्या कविता इंग्रजीत नेल्या, ते आपण विसरलो. आणि जे इस्रायलला गेले त्यांनी तिथे मराठीतून नियतकालिक चालवलं. त्याला नाव काय दिलं? 'मायबोली'. मामे-लोश्न.

शोलेम अलेखेम १३ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कमध्ये गेले. अंत्ययात्रेला लाखाहून जास्त माणसं लोटली होती. मृत्युपत्रात त्यांनी लिहून ठेवलं होतं की मला श्रीमंतांमध्ये पुरू नका, साध्या कष्टकरी ज्यूंमध्ये पुरा. आणि वर्षश्राद्धाच्या दिवशी घरच्यांनी जमून माझी एखादी गोष्ट मोठ्याने वाचावी, खरोखर हसवणारी निवडावी, आणि ज्याला जी भाषा सगळ्यात चांगली समजते त्या भाषेत वाचावी.

यंदा १३ मे रोजी संध्याकाळी ६ वाजता आमच्या वाचनालयात तेव्येची पहिली गोष्ट वाचणार आहोत. जंगलात वाट चुकलेल्या दोन बायकांना तो गाडीत घालून घरी पोचवतो आणि बक्षीस म्हणून मिळालेल्या गायीपासून त्याचं दूधदुभतं सुरू होतं, ती. मराठी मसुदा मी इंग्रजीवरून केला आहे, दोन वह्या भरल्या आहेत, आणि तो तपासायला मला तुमच्यातलं जाणतं माणूस हवं आहे. खुर्च्या चाळीस आहेत, पुढच्या रांगेतल्या पाच तुमच्यासाठी राखून ठेवते. गरम पाव आणि ताजं लोणी हमालकाकांच्या घरून येणार आहे.

आपली,
एक ग्रंथपाल,
रायगड जिल्हा